प्रवाळाला किती उजेड पुरतो?

फक्त मासे असलेल्या गोड्या पाण्याच्या टाकीवर कसलाही दिवा चालतो. मासे आपल्याला नीट दिसावेत, एवढंच त्याचं काम. खाऱ्या पाण्याच्या टाकीत प्रवाळ आले की दिव्याकडे जेवणाचा बंदोबस्त येतो. दुकानदाराला हे पक्कं ठाऊक असतं. त्यामुळे मरीन टाकी उभारायला निघालेल्या माणसापुढे पहिल्याच भेटीत दोन-तीन हजारांच्या एलईडी पट्टीपासून लाखाच्या घरातल्या, मोबाइलवरून चालणाऱ्या फिक्स्चरपर्यंत सगळं मांडलं जातं. वॉट, केल्विन, ल्युमेन, चॅनेल अशा शब्दांचा मारा होतो, आणि गोंधळलेलं गिऱ्हाईक शेवटी ‘कमी पडायला नको’ म्हणून महागातलं उचलतं.

या प्रश्नाची जीवशास्त्रीय, तांत्रिक आणि आपल्याकडची कायदेशीर बाजू एकत्र तपासली, तर उत्तर वेगळं येतं. महाराष्ट्रातल्या घरात जे प्रवाळ ठेवणं रास्त आहे, त्यांना मध्यम, सगळीकडे सारखा पसरणारा आणि कमी-जास्त करता येणारा उजेड पुरतो. त्यापुढचा खर्च बहुधा आपल्या डोळ्यांच्या हौसेचा असतो.

उजेडावरचं पोट

प्रवाळ हा प्राणी आहे. त्याच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचं एकपेशीय शैवाल राहतं. ते प्रकाशसंश्लेषण करतं आणि तयार झालेल्या अन्नाचा मोठा वाटा यजमानाला देतं. उथळ, स्वच्छ पाण्यातल्या प्रवाळांची ऊर्जेची नव्वद टक्क्यांपर्यंतची गरज अशी भागू शकते. या शैवालात क्लोरोफिल-ए, क्लोरोफिल-सी२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्यं असतात. ती निळा उजेड सर्वांत जास्त टिपतात आणि थोडा लालही. समुद्राचं पाणी लाल रंग पहिल्या काही मीटरांतच शोषून घेतं आणि निळा सर्वांत खोल पोचतो. त्यामुळे प्रवाळांचं निळ्यावर भागतं आणि रीफ टाकीवरचे, म्हणजे प्रवाळांच्या टाकीवरचे, दिवे निळसर असतात.

उजेड कमी पडला, तर शैवाल जेवढं अन्न बनवतं तेवढं त्याच्या आणि यजमानाच्या श्वसनातच संपतं. वाढीला काही उरत नाही. वाढवत नेला, तर एका पातळीनंतर प्रकाशसंश्लेषण वाढायचं थांबतं. त्याच्याही पुढे गेलं, की पेशींमध्ये ऑक्सिजनची घातक रूपं साचतात, प्रवाळ आपल्यातलं शैवाल बाहेर टाकतो आणि पांढराफटक पडतो. पाणी तापलेलं असेल, तर हे संकट कमी उजेडातही ओढवतं.

या दोन टोकांमध्ये प्रवाळाला जुळवून घेता येतं. शैवालाची संख्या आणि त्यातली रंगद्रव्यं कमी-जास्त करून तो काही आठवड्यांत नव्या उजेडाला सरावतो. याचा दाखला आपल्याच किनाऱ्यावर आहे. मुंबईत वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर, भरती-ओहोटीच्या गढूळ पाण्यात प्रवाळ तग धरून आहेत. किनारी रस्त्याच्या कामासाठी २०२० मध्ये त्यांच्या काही वसाहती कुलाब्याच्या बाजूला हलवाव्या लागल्या, तेव्हा अनेक मुंबईकरांना त्यांचा पत्ता लागला. तिकडे विजयदुर्गपासून सुमारे शंभर किलोमीटर आत समुद्रात आंग्रिया बँकेवर, वीस मीटर आणि त्याहून खोल पण नितळ पाण्यात प्रवाळांची मोठी वस्ती आहे. एकीकडे गाळ उजेड अडवतो, दुसरीकडे खोली. ‘प्रवाळाला भरपूर उजेड लागतो’ असं कुणी सांगितलं, की ‘कुठल्या प्रवाळाला?’ हा प्रश्न आधी विचारावा.

खोक्यावरचे आकडे

वॉट म्हणजे दिवा वीज किती खातो. त्यातून उजेड किती निघतो, हे त्यावरून कळत नाही. शिवाय स्वस्त एलईडी खोक्यांवर आतल्या सगळ्या एलईडींची कमाल क्षमता बेरीज करून छापलेली असते. १६५ वॉट लिहिलेला दिवा प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी वीज घेतो. प्लगमध्ये लावायचा साधा वॉटमीटर हे लगेच दाखवून देतो.

ल्युमेन आणि लक्स ही मापं माणसाच्या डोळ्यासाठी बेतलेली आहेत. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट-पिवळ्या उजेडाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो आणि गडद निळ्याला फार कमी. म्हणजे प्रवाळाला जे हवं, तेच या मापात जवळजवळ धरलं जात नाही. मोबाइलवरच्या लक्स ॲपने रीफ टाकी तपासण्यात त्यामुळे अर्थ नाही.

केल्विन हे छटेचं माप. ६५०० केल्विन म्हणजे दुपारच्या उन्हासारखा पांढरा, २०००० म्हणजे निळाशार. हॅलाइड बल्ब आणि ट्यूबच्या काळात या आकड्याला थोडा तरी अर्थ होता. निळ्या-जांभळ्या एलईडींची भरती असलेल्या आजच्या फिक्स्चरला तो लावणं नावापुरतंच आहे.

कामाचं माप एकच, पीएआर. ४०० ते ७०० नॅनोमीटरच्या पट्ट्यातले किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर एका सेकंदाला पडतात, ते यात मोजलं जातं, एकक मायक्रोमोल. उष्ण कटिबंधात भर दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर हा आकडा दोन हजारांच्या आसपास जातो. टाकीत इतका उजेड कुणालाच लागत नाही. शौकीन आणि संवर्धकांच्या अनुभवातून काही पट्टे रूढ झाले आहेत. मशरूम कोरलला ५० ते १०० पुरतात. झोआ आणि लेदर कोरल ८० ते १५० मध्ये खुशीत राहतात. मोठ्या पॉलिपच्या दगडी प्रवाळांचा, म्हणजे एलपीएसचा, पट्टा साधारण तोच. अॅक्रोपोरासारख्या बारीक पॉलिपच्या दगडी प्रवाळांना, म्हणजे एसपीएसना, २०० ते ३५० लागतात.

क्षणाचा आकडा ही अर्धी गोष्ट झाली. पाऊस मोजताना सर किती जोरात आली यापेक्षा दिवसभरात किती मिलिमीटर पडला हे पाहतात, तसंच इथेही दिवसाची बेरीज पाहावी. २५० मायक्रोमोल दहा तास दिले, तर दिवसाला ९ मोल होतात. १५० आठ तास दिले, तर सुमारे ४.३. दुसऱ्या दिव्याची तीव्रता साठ टक्के आहे, पण प्रवाळाला दिवसाकाठी निम्म्याहूनही कमी उजेड मिळाला. म्हणून टायमर हाही प्रकाशयोजनेचाच भाग धरायचा. आठ ते दहा तास ही सर्वसाधारण मर्यादा, आणि त्यातही पूर्ण जोराचे तास चार ते सहा पुरेत.

पीएआर मीटर महाग असतो. अमेरिकेतल्या अपोजी कंपनीचे मीटर या छंदात जवळपास प्रमाण मानले जातात. पाण्यात बुडवायचं त्यांचं नवं मॉडेल निळा उजेड नीट मोजतं, जुनी मॉडेल तो कमी दाखवायची. प्रत्येकाने विकत घेण्याची ही वस्तू नाही. चार-पाच शौकिनांनी मिळून एक घ्यावा किंवा भाड्याने आणावा. दिवा बसवताना एकदा आणि वर्षातून एकदा मोजणी झाली, तरी काम भागतं.

उन्हापासून एलईडीपर्यंत

घरच्या प्रवाळ टाकीचा इतिहास उन्हापासून सुरू होतो. जकार्ताच्या ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये आपली ‘नैसर्गिक पद्धत’ एका अमेरिकन मासिकात मांडली: जिवंत खडक, हवेचे बुडबुडे आणि थेट सूर्यप्रकाश. विषुववृत्ताजवळ हे जमत होतं. युरोपातल्या हिवाळ्यात जमणार नव्हतं, म्हणून तिथे आधी फ्लुरोसंट ट्यूब आणि पुढे मेटल हॅलाइड आले.

मेटल हॅलाइड हा मुळात मैदानं आणि कारखान्यांसाठीचा दिवा. १५० ते ४०० वॉटचा एकच बल्ब, एका बिंदूतून निघणारा प्रखर उजेड, आणि पाण्याच्या तळाशी हलणाऱ्या त्या चमकत्या रेघा. उथळ समुद्राची इतकी हुबेहूब नक्कल आजही दुसऱ्या कुठल्या दिव्याने होत नाही, असं मानणारे शौकीन आहेत, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण या दिव्याच्या खोड्या अनेक. अमेरिकेच्या पेन स्टेट विद्यापीठातले इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगचे प्राध्यापक संजय जोशी स्वतः रीफ टाकी ठेवतात. त्यांनी असे बल्ब पद्धतशीर मोजून निष्कर्ष प्रसिद्ध केले. तोच बल्ब वेगवेगळ्या चोकवर वेगळा उजेड आणि वेगळी छटा देतो, हे त्यातून दिसलं. त्याच वॉटेजचे २०००० केल्विनचे बल्ब १०००० वाल्यांपेक्षा बहुधा कमी पीएआर देतात, हेही दिसलं. हॅलाइड बल्ब वर्षाच्या आत बदलावा लागतो, त्याचं अतिनील अडवायला काच लागते आणि त्याच्या उष्णतेचं काय करायचं, हा प्रश्न शिल्लकच राहतो.

टी-५ ट्यूब २००० नंतरच्या दशकात रुळल्या. प्रत्येक ट्यूबमागे स्वतंत्र परावर्तक, चार फुटांना ५४ वॉट, आणि टाकीभर अत्यंत सारखा उजेड. सावली कमी पडते, प्रवाळाची बाजूदेखील उजळते. म्हणून एसपीएस वाढवणारे अनेक जण अजून टी-५ सोडायला तयार नाहीत. पण तिला पुढे भविष्य नाही. ट्यूबमध्ये पारा असतो. युरोपीय संघाने ऑगस्ट २०२३ मध्ये तिची नवी विक्री थांबवली आणि पाऱ्याबाबतच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२७ पर्यंत सरळ फ्लुरोसंट ट्यूबांचं उत्पादन आणि आयात-निर्यात बंद करायचं ठरवलं. दर वर्षी ज्या ट्यूब बदलाव्या लागतात, त्या पुढे मिळतीलच याचा भरवसा नसताना आज नवं टी-५ फिक्स्चर घेणं शहाणपणाचं नाही.

राहिला एलईडी. शुजी नाकामुरा यांनी १९९३ मध्ये जपानच्या निचिया कंपनीत तेजस्वी निळा एलईडी बनवून दाखवला. या शोधासाठी इसामू अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना २०१४ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रवाळाला नेमका हाच निळा हवा असल्याने रीफ टाकीला या शोधाचा फायदा होणारच होता, फक्त वेळ लागला. सुरुवातीचे एलईडी दिवे महाग आणि कमकुवत होते. साधारण २०११ मध्ये इकोटेकचा रेडिऑन आणि त्याच सुमाराची इतर फिक्स्चर आली आणि चित्र बदललं. आज नवी टाकी उभारणाऱ्याला एलईडीच घ्यायचा आहे. प्रश्न उरतो तो कुठला, किती आणि कसा.

सारखा उजेड

एलईडीची खरी अडचण जोराची नाही, पसरण्याची आहे. सगळे एलईडी हातभर फिक्स्चरमध्ये दाटीने बसवलेले आणि त्यावर भिंगं. अशा दिव्याखाली मीटरचा सेन्सर मधोमध धरला तर आकडा चढतो आणि काचेच्या कोपऱ्याकडे सरकवला की झपाट्याने घसरतो. मधला प्रवाळ भाजतो, कोपऱ्यातला उपाशी राहतो. मालकाला वाटतं दिवा कमी पडतोय. तो जोर वाढवतो आणि मधल्या प्रवाळाची अवस्था आणखी वाईट होते.

याला उपाय तीन आहेत. साठ अंशांच्या भिंगाचा दिवा अरुंद, खोल टाकीसाठी ठेवावा. घरच्या दीड-दोन फूट खोलीच्या टाकीला नव्वद ते एकशेवीस अंशांचं भिंग किंवा पसरवणारी दुधी काच बरी. दिवा पाण्यापासून आठ-बारा इंच वर टांगावा. जोर थोडा कमी होतो, पण पसारा वाढतो. तिसरा उपाय सर्वांत परिणामकारक: एका बलदंड फिक्स्चरऐवजी दोन मध्यम घ्यावीत. ढोबळ हिशेब असा, की दोन फूट बाय दोन फूट पृष्ठभागाला एक फिक्स्चर. चार फुटी टाकीवर एकच महागडा दिवा मधोमध टांगण्यापेक्षा निम्म्या किमतीचे दोन केव्हाही चांगले. एक बंद पडला तर दुसरा असतो, हा वरचा फायदा.

निळ्याचा मोह

दुकानातले आणि फोटोंमधले प्रवाळ झगमगतात ते त्यांच्यातल्या प्रतिदीप्त प्रथिनांमुळे. ही प्रथिनं निळा-जांभळा उजेड घेतात आणि हिरवा, केशरी, लाल परत देतात. मशरूम कोरल पांढऱ्या दिव्याखाली तपकिरी, मळकट दिसतो. तोच ४५० नॅनोमीटरच्या निळ्याखाली धरला की त्याच्यावरचे ठिपके निखाऱ्यासारखे पेटतात. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळांत गाजलेलं डीएस-रेड हे लाल प्रथिन मशरूमच्याच डिस्कोसोमा या प्रजातीतून मिळालं. मॉस्कोच्या संशोधकांनी त्याची माहिती १९९९ मध्ये प्रसिद्ध केली.

पण चमक आणि पोषण या वेगळ्या गोष्टी आहेत. शैवालाला निळा मुख्य हवा, तरी थोडा पांढरा आणि लालही उपयोगी पडतो. निव्वळ निळ्यात प्रवाळ जगतात, पण मालकाला टाकीत काय चाललंय ते कळत नाही. रंग फिका पडतोय, ऊती आक्रसतायत, खडकावर शैवाल चढतंय, हे सगळं निळ्या झगमगाटात लपतं. उलट पांढऱ्याचा आणि लालचा अतिरेक झाला आणि पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट असले, की केसाळ शैवालाचं फावतं. निळा आणि पांढरा वेगवेगळे कमी-जास्त करता येणारी किमान दोन चॅनेल घ्यावीत. आठ-दहा चॅनेल, वादळाचा आणि विजेचा देखावा, चांदण्याचा क्रम या गोष्टी मालकाच्या करमणुकीच्या आहेत. प्रवाळ खरेदी करताना मात्र दुकानदाराला पांढरा दिवा लावायला सांगावा. खरी प्रकृती त्यातच दिसते.

तापणारं पाणी, चढणारं बिल

प्रवाळ टाकीचं पाणी २४ ते २७ अंश सेल्सियसमध्ये ठेवायचं असतं. मुंबई, रत्नागिरी किंवा पणजीला मे महिन्यात खोलीचंच तापमान त्याच्या वर असतं. तिथे टाकीवर अडीचशे वॉटचे दोन हॅलाइड टांगले, तर रोज आठ तासांचे ४ आणि महिन्याचे १२० युनिट होतात. त्या उष्णतेला उतारा म्हणून चिलर लावला, की त्याची वीज वेगळी. घरगुती दर टप्प्यांनी चढत असल्याने हे युनिट बिलात वरच्या टप्प्यात जाऊन बसतात. शंभर वॉटच्या एलईडीचे आठ तासांनी महिन्याला २४ युनिट होतात आणि पाणी फारसं तापत नाही.

पृष्ठभागावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने पाणी दोन-तीन अंश उतरतं. कोकणातल्या दमट हवेत, विशेषतः जुलैमध्ये, हा उपाय निम्मा निकामी ठरतो. नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात तो उत्तम चालतो, फक्त उडालेलं पाणी आरओच्या पाण्याने रोज भरून काढावं लागतं. लोडशेडिंगच्या गावात इन्व्हर्टरवर आधी पाणी फिरवणारा पंप घ्यावा. एक दिवस अंधारात प्रवाळाचं काही बिघडत नाही. ऑक्सिजन संपला तर काही तासांत सगळं संपतं.

खारं पाणी आणि वीज शेजारी आहेत, हे विसरू नये. ईएलसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. प्रत्येक तारेला प्लगच्या खाली जाईल असा झोळ द्यावा, म्हणजे ओघळ सॉकेटपर्यंत पोचत नाही. भिंगावर चढणारा मिठाचा थर आठवड्याला मऊ ओल्या फडक्याने पुसावा. एलईडी मंदावल्याची तक्रार पुष्कळदा त्या थराची असते.

कायदा काय म्हणतो

या सगळ्यात आपल्याकडे सर्वांत कमी बोललं जातं ते कायद्याबद्दल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळे दगडी प्रवाळ आहेत. त्यांच्यासोबत काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, ऑर्गन पाइप कोरल आणि समुद्रपंखेही. म्हणजे त्यांना कायद्याने वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. किनाऱ्यावरून उचललेला मेलेला सांगाडाही यातून सुटत नाही. दगडी प्रवाळांचा आंतरराष्ट्रीय व्यापारही साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. दुकानात मांडलेलं आहे म्हणून ते कायदेशीर ठरत नाही.

आता वरचे पीएआरचे पट्टे पुन्हा पाहा. २०० ते ३५० मायक्रोमोल ज्यांना लागतात, ते अॅक्रोपोरासारखे प्रवाळ नेमके या यादीत आहेत. मशरूम, झोआ, लेदर कोरल हे त्या यादीत नाहीत, आणि त्यांना ५० ते १५० पुरतात. आयातीची कागदपत्रं यांच्यासाठीही मागावीतच. पण प्रकाशयोजनेपुरता हिशेब सरळ होतो: इथल्या घरात कायद्याच्या कटकटीशिवाय जे ठेवता येतं, त्याला एसपीएससाठी बनवलेला दिवा लागत नाही. घेतलाच तर तो तीस-चाळीस टक्क्यांवर चालवावा लागतो.

मग घ्यायचं काय

दोन फुटी टाकी आणि तिच्यात मशरूम, झोआ, एखादा लेदर कोरल, असा बेत असेल, तर निळा-पांढरा वेगळा चालणारा, रुंद भिंगाचा, पन्नास ते ऐंशी वॉट प्रत्यक्ष खाणारा एक एलईडी पुरे. तीन-चार फुटांना तसेच दोन. दिव्यातला पंखा बदलता येतो का, वायरिंग आणि ड्रायव्हरचे सुटे भाग इथे मिळतात का, हे ॲपपेक्षा महत्त्वाचं. एलईडीचं आयुष्य पन्नास हजार तास छापलेलं असतं, पण खाऱ्या हवेत आधी पंखा जातो.

दिवा लावल्यावर पहिला आठवडा तीस टक्क्यांवर चालवावा आणि महिनाभरात हळूहळू चढवावा. त्यानंतर सेटिंगला हात लावायचा मोह टाळावा आणि प्रवाळाकडे पाहावं. झोआचे देठ लांबून वर ताणायला लागले, तर उजेड कमी आहे. मशरूमच्या कडा आक्रसल्या, रंग उडाला, तर जास्त आहे. आधी त्याला खडकाच्या सावलीत सरकवावं. लेदर कोरल मात्र अधूनमधून चार-सहा दिवस मिटून बसतो, अंगावर मेणासारखा पापुद्रा येतो आणि तो गळून गेला की पुन्हा फुलतो. हे त्याचं नेहमीचं कात टाकणं आहे. त्या दिवसांत घाबरून दिवा बदलणारे पुष्कळ असतात, आणि बदललेल्या दिव्याने मग खरोखरची गडबड सुरू होते.

दिव्यावर वाचलेले पैसे पाणी फिरवणाऱ्या पंपावर, आरओवर आणि पाण्याच्या तपासणी संचांवर घालावेत. अल्कलिनिटी डोलत असेल किंवा पाणी तीस अंशांवर गेलं असेल, तर लाखाचा दिवा उपयोगाचा नाही. उलट त्या अवस्थेत जादा उजेड प्रवाळाला लवकर मारतो. खरेदीच्या यादीत पहिल्या ओळीत प्रवाळाचं नाव लिहावं, दुसऱ्या ओळीत त्याचा पीएआर आणि तिसऱ्या ओळीत टाकीचा पृष्ठभाग. दिव्याचं मॉडेल या तीन ओळींतून आपोआप ठरतं, आणि ते बहुधा दुकानाच्या मधल्या फळीवर असतं.